जागेवर मिटत नाही

उमरग्याच्या कोर्टात मी मोटार अपघाताचे दावे चालवतो, राहायला मुरूमला आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावातून जात नाही. मुरूम मोडला उतरून आत यावं लागतं. तरी गावातल्या कितीतरी चुली त्या रस्त्यावर पेटतात. कुणी ड्रायव्हर आहे, कुणी क्लीनर, कुणी फायनान्सवर एकच ट्रक काढून हप्त्यामागं धावणारा मालक. विठ्ठलसाई कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांची त्यात भर. त्यामुळं अपघाताच्या दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओसरीवर येतात. एकाच प्रकरणात दोघांचं वकीलपत्र घेता येत नाही, पण आज ट्रकमालकाकडून उभा राहिलेला मी उद्या दुसऱ्या प्रकरणात एखाद्या विधवेकडून उभा असतो. असा दोन्हीकडून उभा राहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. पहिल्या दिवशी खरं लिहिलं गेलं तर दोघांचंही निभावतं. पहिल्याच दिवशी मिटवामिटवी झाली तर बहुधा दोघंही बुडतात.

फोन बहुतेक रात्रीचा असतो. "वकीलसाहेब, गाडी लागली आपली. मोटारसायकलवाला हाय. मिटवता येईल का बघा की." बोलणारा मालक घरी असतो आणि ड्रायव्हर तिकडं रस्त्यावर. कायद्याचं काही सांगायच्या आधी मी विचारतो, जखमी कुठं आहे? कधी कधी उत्तर येतं, "ते काय म्हायती नाही, ड्रायव्हर निघून आलाय." तसं झालं की पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं.

पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्यातही आता 'गोल्डन अवर' म्हणून जागा आहे. त्या तासात काय करायचं ते ड्रायव्हरच्या तोंडपाठ हवं. इंजिन बंद, चावी बाहेर, चारही इंडिकेटर चालू, मागं लांबवर लाल त्रिकोण. अंधारात एवढं राहून गेलं की पहिल्या अपघातावर दुसरा होतो आणि बघायला जमलेले लोकच मागून येणाऱ्या गाडीखाली सापडतात. मग 108. पोलिसांना 112, महामार्गावर 1033 सुद्धा लागतो. फोनवर नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि ट्रकचं तोंड उमरग्याकडं आहे की नळदुर्गकडं, हे सांगावं लागतं. नाहीतर रुग्णवाहिका दुभाजकाच्या पलीकडं येऊन उभी राहते आणि पुढचा कट शोधत जाते. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरायचं. मान आणि पाठ हलवायची नाही. हातापायाला धरून जीपमध्ये टाकायचं नाही. पाणी पाजायचं नाही, असं मी सांगतो तेव्हा लोक मला कसाई समजून बघतात. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या घशातलं पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि ऑपरेशनची वेळ आली तर भरल्या पोटावर भूल देणं जोखमीचं होतं.

मदत करणारा माणूस पोलिसांच्या चकरांना भितो. ती भीती आता बाळगायचं कारण नाही. 2019 च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 134-ए प्रमाणं जखमीला सद्‌भावनेनं दवाखान्यात पोचवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-गाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या 'राहवीर' योजनेत 2025 पासून 25,000 रुपयांचं बक्षीस आहे.

ड्रायव्हरची भीती वेगळी असते. "थांबलो तर पब्लिक जिवंत सोडत नाही, साहेब." ही भीती खोटी नाही. जानेवारी 2024 मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीतून इंधनाचे टँकर निघेनात, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्याच्या मुळाशी हीच भीती होती. नव्या भारतीय न्याय संहितेत, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली होती. सरकारनं ती थांबवली. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा कलम 106 चं ते दुसरं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पहिलं पोटकलम मात्र लागू झालं. हयगयीनं मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, पण गुन्हा जामीनपात्र. हे ऐकल्यावर ड्रायव्हरच्या घरच्यांचा जीव जरा खाली बसतो.

पळण्याबद्दल खुद्द मोटार वाहन कायदाही समजूतदार आहे. कलम 134 म्हणतं, जखमीच्या उपचारांची सोय बघणं चालकावर बंधनकारक आहे; जमावाच्या रोषामुळं किंवा हाताबाहेरच्या कारणामुळं ते शक्य नसेल तर तेवढी सूट. पण शक्य तितक्या लवकर, कसंही करून 24 तासांच्या आत, पोलिसांना कळवलंच पाहिजे. माझ्या भाषेत मी एवढंच सांगतो: लोक अंगावर आले तर गाडी सोड, पण सरळ पोलीस ठाण्यात जा. घरी नको, मालकाकडं नको, मेव्हण्याच्या शेतात तर नकोच.

यानंतर येतो कागद. कोर्टात अपघात पुन्हा घडवून दाखवता येत नाही, कागदावर उरला तेवढाच तो दिसतो. त्यातला पहिला म्हणजे घटनास्थळ पंचनामा. चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस उमरग्याकडे जाणारा रस्ता, पश्चिमेस नळदुर्गकडे जाणारा, दक्षिणेस मुरूमकडे जाणारा फाटा. मग टायर घासल्याच्या खुणा, काचा, रक्त, तेल कुठं सांडलं ते. ठाण्यात बसून लिहिलेला पंचनामा आणि रस्त्यावर उभं राहून लिहिलेला पंचनामा, हे वाचताक्षणी ओळखू येतात. पहिल्यात 'सदर ट्रक भरधाव वेगात' याच्यापलीकडं फारसं काही नसतं. दुसऱ्यात मोजमापं असतात.

एका प्रकरणात मी मालकाकडून होतो. दोष सगळा ट्रकचा, अशी फिर्याद. पंचनाम्यात मात्र लिहून ठेवलेलं होतं की हेडलाइटच्या काचांचे तुकडे दुभाजकाला लागून पडले आहेत आणि मोटारसायकल घासत गेल्याची खूणही तिथूनच सुरू होते. ट्रक आपल्या बाजूला होता. मोटारसायकलवाला पुढच्या कटपर्यंतचा फेरा चुकवायला दुभाजकाच्या कडेनं उलट्या दिशेनं येत होता. आमच्याकडं सर्रास येतात. उलटतपासणीत त्या एका ओळीवर दोष दोघांत वाटला गेला. आणि याच्या अगदी उलट, ज्याची काही चूक नव्हती अशा सायकलस्वाराच्या माथी अर्धा दोष बसलेलाही मी पाहिला आहे, कारण पंचनाम्यात ती ओळ नव्हती आणि फोटो कुणी काढले नव्हते. म्हणून माझा आग्रह असतो: जखमीला हलवल्यावर आणि ट्रक हलवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. चारही बाजूंनी, दोन्ही नंबर प्लेट दिसतील असे, आणि चाकापासून पांढऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर कळेल असा एक. ड्रायव्हरनंही काढावेत, जखमीच्या भावकीनंही. खऱ्या फोटोचं भय दोघांनाही नसावं.

दुसरा कागद दवाखान्यातला. जखमीला आणल्यावर डॉक्टर विचारतात, कसं लागलं? सोबत आलेला माणूस पोलिसांची भानगड नको म्हणून सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तसंच उतरतं. पुढं चार दिवसांनी फिर्याद होते, ट्रकचा नंबर येतो, दावा दाखल होतो आणि विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेपासून तो केसपेपर हातात धरून बसतो. डॉक्टरांनी लिहिलंय, स्वतः पडला. मग ट्रक कुठून आला? पाय गेलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगत असतो की ट्रकनंच उडवलं, आणि त्याच्याच चुलतभावानं रात्री सांगितलेली दोन-तीन शब्दांची सोय त्याच्या विरोधात उभी असते. त्यामुळं दवाखान्यात सांगताना एवढंच, पण खरं: किती वाजता, कुठल्या पाटीजवळ, कुठल्या गाडीनं. नंबर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. अंदाजानं सांगितलेला नंबर खोट्यापेक्षा वाईट ठरतो.

आता मिटवामिटवीचं. हॉटेलात किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी बसतात. "झालं ते झालं, गेलेला माणूस काय परत येत नाही," असं कुणीतरी म्हणतं. आकडा ठरतो. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलं जातं की आमची काही तक्रार नाही. सही करणाऱ्या बाईच्या अंगावर अजून सुतकातलं लुगडं असतं.

तिच्या हातून काय सुटतं ते मी गणित मांडून दाखवतो. समजा मेलेला गवंडी तीस वर्षांचा, महिन्याला 12,000 मिळवणारा, मागं बायको, दोन लेकरं आणि आई. वर्षाचे 1,44,000. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणं चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी 40 टक्के मिळवायचे. झाले 2,01,600. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले 1,51,200. 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात या वयाला गुणक 17. गुणाकार येतो 25,70,400. त्यात अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरेंच्या ठरलेल्या रकमा आणखी. उत्पन्न सिद्ध करावं लागतं, दोषाची वाटणी होते, आकडा खाली-वर होतो, हे सगळं खरं. पण बैठकीत ठरलेल्या दोन-तीन लाखांशेजारी हा आकडा लिहिला की ओसरीवर बराच वेळ कुणी बोलत नाही.

मालकाला वाटतं, आपण सुटलो. तो तर सुटलेलाच नसतो. मृत्यूचा गुन्हा खाजगी तडजोडीनं मिटवायची कायद्यात सोयच नाही. खटला सरकार चालवतं. शिवाय विम्याच्या पॉलिसीत एक अट असते, जी कुणी वाचत नाही: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं दोष कबूल करायचा नाही, रक्कम देऊ करायची नाही. म्हणजे मालकानं बायकोचे दागिने मोडून दिलेले पैसे कंपनी परत देत नाही, आणि पुढं दावा झालाच तर तो स्टॅम्प त्याच्याच अंगावर येतो. ज्या कामासाठी त्यानं दरसाल थर्ड पार्टीचा हप्ता भरला, नेमकं तेच काम तो खिशातून करून बसतो. ड्रायव्हरचं लायसन्स, फिटनेस, परमिट, पॉलिसी चालू असेल तर भरपाई कंपनीनं द्यायची असते. मालकानं वेळेवर लेखी कळवायचं, सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलायची नाही, एवढंच.

जिथं कागद चालू नसतो तिथं दुसरी युक्ती निघते. खऱ्या ड्रायव्हरच्या जागी लायसन्सवाला उभा करायचा. गावात पुतण्या, मेव्हणा, कुणीतरी मिळतोच. पण टोलनाक्यावरचे कॅमेरे असतात, मोबाईलचं लोकेशन असतं, पंपावरची पावती असते. एकदा का ते उघडं पडलं की साधा जामीनपात्र गुन्हा राहत नाही, खोटा पुरावा उभा करण्यापर्यंत गोष्ट जाते आणि विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते.

हे सगळं सांगूनही लोक मिटवतात, आणि मी त्यांना मूर्ख म्हणत नाही. सोलापूरच्या दवाखान्यात आज रात्री डिपॉझिट भरायचं असतं. कोर्टाचा निकाल कधी लागेल ते मीही सांगू शकत नाही. दोन्ही घरं शेजारच्या गावांतली, कधी सोयरिकीतली. ट्रक ठाण्याच्या आवारात उभा आहे तोवर हप्ता थांबत नाही. या अडचणीवर कायद्यानं अलीकडं थोडं उत्तर शोधलंय. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे. एप्रिल 2022 च्या नियमांप्रमाणं पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल दावा न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली कुणाची चूक हे न शाबीत करता मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर 2 लाख आणि 50,000. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांतांकडं. कागदावर हे छान आहे. पण दवाखान्याच्या काउंटरवर योजनेचं नाव घेणारा माणूस लागतो, आणि रात्री दोन वाजता सोबत आलेल्या भावकीला ते नावच ठाऊक नसतं.

तेव्हा मालकाला मी सांगतो, दवाखान्यात जा. तोंड लपवू नका. रक्ताची बाटली लागली तर गावातली पोरं उभी करा. माणुसकी म्हणून काही द्यायचं असेल तर आधी कंपनीला कळवून, पावती घेऊन द्या, पण 'हिशोब मिटला' असं कुणाकडून लिहून घेऊ नका. आणि मिटवायचंच असेल तर दावा दाखल होऊ द्या आणि लोकअदालतीत बसा. तिथं विमा कंपनी समोर असते, आकड्याला काही आधार असतो, आणि झालेला निवाडा कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का असतो. त्यावर अपीलही नाही. मात्र वाट बघत बसू नका. दावा दाखल करायला दुरुस्त कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीवरून सर्वोच्च न्यायालयात वाद चालू असला तरी माझ्या पक्षकाराला मी त्या वादाच्या भरवशावर ठेवत नाही.

आमच्या सीमाभागाची एक अडचण पुण्या-मुंबईच्या वकिलांना सांगूनही पटत नाही. तलमोडच्या पुढं गेलं की कर्नाटक. अपघात हुमनाबादकडं झाला की फिर्याद, पंचनामा, जबाब सगळं कन्नडात. मुरूम, आलूरकडच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, पण पोलिसी कन्नड वाचायचं म्हणजे वेगळं. लोक समजतात, आता तिकडच्याच कोर्टात खेटे घालायचे. तसं नाही. अपघात जिथं झाला तिथं, दावेदार जिथं राहतो तिथं किंवा ज्याच्यावर दावा तो जिथं राहतो तिथं, यातलं कुठलंही न्यायाधिकरण निवडता येतं. कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला तेवढ्या लवकर काढून आणायच्या आणि भाषांतर करून घ्यायचं.

हंगामातलं दुखणं तर दरवर्षीचं. उसाची गाडी पंक्चर होते, रस्त्यावरच उभी राहते. मागं ना त्रिकोण, ना रिफ्लेक्टरची पट्टी; मोठाले दगड ओळीनं मांडलेले आणि वर एक बाभळीची फांदी. चाक बदललं की गाडी निघून जाते, दगड तिथंच. पहाटे दुधाचे कॅन घेऊन येणारा पोरगा त्यावर आदळतो आणि जिच्यावर दावा लावायचा ती गाडी तोवर कारखान्यावर रिकामी होऊन परतलेली असते. धोक्याच्या जागी गाडी उभी करणं हाही कायद्यानं गुन्हाच आहे. मुकादमांना माझं एकच म्हणणं असतं, दगड मांडताना हात लागले तसे उचलतानाही लागू द्यात.

राहिला ड्रायव्हर. सगळ्या प्रकरणात त्याचं आरोपी म्हणून नाव असतं आणि जखमी म्हणून नसतं. स्टिअरिंग छातीत घुसलेलं असलं तरी. तो पगारी असेल तर कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाकडून मागायचा कामगाराचा हक्क 1923 च्या कायद्यापासून चालत आलेला आहे आणि मालकाच्या ट्रक पॉलिसीत ती जोखीम साधारणपणे धरलेली असते. स्वतःच मालक असेल तर 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतलाय का ते बघायचं. सातबाऱ्यावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख. अर्ज तालुका कृषी कार्यालयात. हे त्याला कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांच्या मनात तो गुन्हेगार ठरलेला असतो. कितीतरी ड्रायव्हर जामिनावर सुटल्यावर सहा-सहा महिने गाडीवर चढत नाहीत. मालक म्हणतो, भेदरला. भेदरणारच. त्याला आठ-पंधरा दिवस घरी राहू द्या आणि पुन्हा गाडी देताना पहिली फेरी दिवसाची, जवळची द्या.

अलीकडं कुणी नवा ट्रक काढला की पेढे घेऊन येतो. मी पेढा घेतो आणि कागद मागतो. पॉलिसी, फिटनेस, परमिट, लायसन्स यांची एकेक प्रत केबिनमध्ये, एक मोबाईलमध्ये, एक घरी. सनशेडच्या मागं 108, 112, 1033 आणि पॉलिसीचा नंबर. सीटखाली दोन त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी, पूजेच्या सामानाखाली दबलेली नव्हे. आणि ड्रायव्हरला समोर बसवून मालकाच्या तोंडून एक वाक्य वदवून घेतो: "काही झालं तर आधी माणूस उचल, मग ठाण्यात जा, मग मला फोन कर. गाडीचं मी बघतो." रात्री रस्त्यावर एकटा सापडलेला ड्रायव्हर कायदा आठवून वागत नसतो, आपला मालक आपल्यामागं उभा राहील की नाही हे बघून वागतो. तो शब्द मालकानं गाडी चालू करायच्या आधी दिलेला असेल तर ड्रायव्हर थांबतो. ड्रायव्हर थांबला तर जखमी वाचण्याची आशा असते, आणि जखमी वाचला तर माझ्या ओसरीवर येणारे दोन्हीकडचे लोक निदान एकमेकांकडं बघून बोलू शकतात.